जर-तरचा इतिहास आणि त्याची किंमत : सोव्हिएत-जर्मन युतीची कल्पना, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आणि वळीवडे

प्रास्ताविक

‘जर-तरला इतिहासात स्थान नाही’ हे वाक्य इतिहासाच्या वर्गात वारंवार उच्चारले जाते आणि तितक्याच वेळा ते मोडलेही जाते. अकलूजच्या किल्ल्याजवळून जाणारा आणि या परिसरात काही काळ औरंगजेबाची छावणी होती हे ठाऊक असणारा विद्यार्थी, १६८९ साली संगमेश्वरी वेळेवर कुमक पोहोचली असती तर काय झाले असते, असा प्रश्न हमखास विचारतो. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा प्रश्न तर मराठी मनाने अडीचशेहून अधिक वर्षे जपला आहे. जर-तरची ही सवय केवळ भाबडेपणातून येते असे मानून ती झटकून टाकता येत नाही. तिच्यात पराभवाचे सांत्वन असते, तशीच कारणमीमांसेची बीजेही असतात. या दोहोंतील फरक ओळखणे हे समीक्षेचे काम आहे.

प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धासंबंधीच्या एका जर-तरचा विचार केला आहे. २३ ऑगस्ट १९३९ रोजी झालेला सोव्हिएत-जर्मन अनाक्रमण करार टिकला असता, त्याचे ब्रिटनविरोधी लष्करी युतीत रूपांतर झाले असते, तर काय घडले असते? वरवर पाहता हा प्रश्न युरोपचा वाटतो. परंतु या कल्पनेच्या केंद्रस्थानी हिंदुस्थान होता आणि तिचे धागे मुंबईच्या गिरण्यांपासून कोल्हापूरजवळच्या वळीवड्यापर्यंत पोहोचतात. म्हणूनच मराठीतील पर्यायी इतिहासाची सर्वपरिचित कथा, डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’, हिच्या आधारे काही निकष निश्चित करून ते या कल्पनेला लावून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पर्यायी इतिहासाचे निकष

इतिहासकारांनी जर-तरकडे दोन दृष्टींनी पाहिले आहे. ई. एच. कार यांनी १९६१ च्या ‘व्हॉट इज हिस्ट्री?’ या ग्रंथात अशा विचाराला दिवाणखान्यातील खेळाच्या पंक्तीला बसवले. याउलट मॅक्स वेबर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी असे प्रतिपादन केले होते की, एखाद्या घटनेला कारण म्हणताना ती घडली नसती तर काय झाले असते याचा विचार आपण मनातल्या मनात केलेलाच असतो. मॅरेथॉनच्या लढाईचे महत्त्व सांगणारा प्रत्येक जण तेथे ग्रीकांचा पराभव कल्पून पाहतच असतो. नायल फर्ग्युसन यांनी संपादित केलेल्या ‘व्हर्च्युअल हिस्टरी’ (१९९७) या ग्रंथाने या विचाराला एक मर्यादा घालून दिली. त्या काळातील माणसांनी जे पर्याय खरोखर विचारात घेतले होते आणि ज्यांचा पुरावा उपलब्ध आहे, तेवढेच पर्याय तपासावेत, अशी ती मर्यादा होय.

या चर्चेतून तीन निकष हाती येतात. पहिला, वळणबिंदू समकालीनांच्या आवाक्यातील असावा. दुसरा, बदल शक्य तितका लहान असावा आणि उर्वरित जग आपल्या नियमांनीच चालावे. तिसरा, बदललेल्या जगात नवे निर्णय कोण घेतो व त्यांचे परिणाम कोणाला भोगावे लागतात, हे लेखकाला दिसले पाहिजे. पहिल्या दोन निकषांची चर्चा बरीच होते. तिसऱ्याकडे, म्हणजे किमतीच्या निकषाकडे, मात्र दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखाचा भर त्यावर आहे.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ : सामर्थ्य आणि मर्यादा

नारळीकरांच्या कथेचे सूत्र सर्वश्रुत आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे पानिपतावर मराठ्यांचा विजय झालेला आहे आणि मुंबईत मात्र अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे. ग्रंथालयात आपलेच ग्रंथ चाळताना आपल्याला ठाऊक असलेल्या इतिहासापासून हा इतिहास कोठे फुटला, याचा ते शोध घेतात. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निसटून गेलेली असते. परत आल्यावर त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान सापडते. या कथेचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने देशभरातील विद्यार्थ्यांपर्यंत ती पोहोचली.

पहिल्या दोन निकषांवर ही कथा निर्विवादपणे उतरते. वळणबिंदू केवळ काही अंगुळांचा आहे. रणांगणावर गोळी लागणे वा न लागणे दोन्ही सारखेच संभवनीय असते, आणि लेखकाने आपत्ती सिद्धान्त व पुंजभौतिकी यांचा आधार देऊन त्या संभवनीयतेला शास्त्रीय चौकट पुरवली आहे. दुसरे महत्त्वाचे सामर्थ्य असे की, नायक हा इतिहासकार आहे. तो नव्या जगात रममाण होत नाही. तो कागदपत्रे मागतो. विजयाचा अभिमान बाळगण्याआधी तो विजयाचा पुरावा शोधतो. मराठी ऐतिहासिक ललित लेखनाच्या भावविवश परंपरेत ही वृत्ती विरळ आहे आणि तिचे श्रेय नारळीकरांमधील वैज्ञानिकाला दिले पाहिजे.

तथापि तिसऱ्या निकषावर कथा अपुरी पडते. त्या जगातील पेशवे विज्ञान-तंत्रज्ञानाचे महत्त्व ओळखतात, संशोधनकेंद्रे उभारतात, कंपनीचा विस्तार रोखतात आणि कालांतराने देश लोकशाहीकडे वळतो. हे सारे इष्ट आहे. परंतु ते ज्यांच्या श्रमावर उभे राहिले त्या रयतेचे काय झाले, चौथ-सरदेशमुखीची व्यवस्था कोणत्या मार्गाने बदलली, पेशवाईतील जातिव्यवस्था लोकशाहीला कशी सामोरी गेली, हे प्रश्न कथेत उपस्थितच होत नाहीत. कथेच्या अल्प विस्तारात ते यावेत ही अपेक्षा अवाजवी आहे, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी मान्य करूनही असे म्हणावे लागते की, पानिपतावरील जय हा आपला जय असल्यामुळे त्याची किंमत विचारण्याचे भान वाचकालाही राहत नाही. ज्या जर-तरमध्ये आपला लाभ दिसतो तेथे समीक्षेने अधिक सावध असले पाहिजे, हा धडा येथून घेता येतो.

सोव्हिएत-जर्मन युती : वळणबिंदू कोठे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९३९ च्या करारासोबत एक गुप्त मसुदा होता व त्यान्वये पूर्व युरोपची वाटणी झाली. १ सप्टेंबर रोजी जर्मनीने आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केले. फेब्रुवारी १९४० च्या व्यापारी करारानुसार सोव्हिएत धान्य, खनिज तेल आणि मँगनीज जर्मनीला मिळू लागले. ब्रिटनच्या सागरी नाकेबंदीची धार त्यामुळे बोथट झाली. लष्करी युती नसली तरी ब्रिटनला जाचक ठरणारी आर्थिक भागीदारी प्रत्यक्षात अस्तित्वात होती. कल्पनेचा पाया असा वास्तवात आहे.

भागीदारीचे युतीत रूपांतर होण्याचा क्षण म्हणून सामान्यतः १२ व १३ नोव्हेंबर १९४० च्या बर्लिन भेटीकडे बोट दाखवले जाते. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांच्यापुढे रिबेनट्रॉप यांनी जर्मनी, इटली, जपान व सोव्हिएत संघ यांच्या चतुःसत्ता कराराची योजना मांडली. ब्रिटिश साम्राज्य मोडकळीस आले असून त्याच्या वाटणीत सोव्हिएत संघाने दक्षिणेकडे, हिंदी महासागराच्या दिशेने विस्तारावे, असा त्यातील आशय होता. २५ नोव्हेंबरला मॉस्कोने अटी घालून तयारी दर्शवली. फिनलंडमधून जर्मन सैन्य काढून घेणे, बल्गेरियाशी सुरक्षा करार, तुर्की सामुद्रधुनीजवळ तळ, आणि बाकू-बातुमच्या दक्षिणेस इराणी आखाताच्या दिशेने आपले हितक्षेत्र मान्य होणे, या त्यांपैकी प्रमुख अटी होत. बर्लिनने त्यांना उत्तर दिले नाही. १८ डिसेंबर १९४० रोजी हिटलरने सोव्हिएत संघावरील आक्रमणाच्या आदेशावर स्वाक्षरी केली.

मोलोटोव्ह यांनी अटी सौम्य केल्या असत्या तर युती झाली असती, असा तर्क यावरून करण्याचा मोह होतो. तो पहिल्या निकषावर टिकत नाही. ३१ जुलै १९४० रोजीच हिटलरने आपल्या सेनापतींना पुढील वसंतात रशियावर आघात करण्याचा मानस सांगितला होता. मोलोटोव्ह बर्लिनमध्ये उतरले त्याच दिवशी निघालेल्या आदेशात, चर्चेचे फलित काहीही असो, पूर्वेकडील तयारी चालूच राहील, असे नमूद होते. म्हणजे नोव्हेंबरमधील चर्चा हा वळणबिंदू नसून वळण घेऊन झाल्यानंतरचा मुक्काम होता. येथे बदल घडवायचा तर हिटलरची पूर्वेकडील भूमीविषयीची संपूर्ण धारणाच बदलावी लागते, आणि तो बदल ‘लहान’ म्हणता येत नाही.

यापेक्षा निकटचा वळणबिंदू काही महिने आधी आणि वेगळ्याच राजधान्यांत आढळतो. १९४० च्या पूर्वार्धात ब्रिटन व फ्रान्स यांनी जर्मनीचा तेलपुरवठा तोडण्यासाठी बाकूच्या तेलक्षेत्रावर बॉम्बहल्ल्याची योजना आखली होती. फिनलंडच्या मदतीसाठी सैन्य पाठवण्याचाही विचार झाला. मे-जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळल्याने बाकूची योजना बारगळली. ती अमलात आली असती, तर सोव्हिएत संघ इच्छा असो वा नसो ब्रिटनच्या विरोधात युद्धात ओढला गेला असता. सोव्हिएत-जर्मन युतीचा अधिक संभवनीय मार्ग बर्लिन-मॉस्कोच्या मैत्रीतून जात नाही, तर लंडन-पॅरिसच्या अविचारातून जातो, असा निष्कर्ष यातून निघतो. अर्थात अशी युती किती काळ टिकली असती हा स्वतंत्र प्रश्न आहे. हिटलरची पूर्वेकडील महत्त्वाकांक्षा बाकूवरील बॉम्बने पुसली गेली नसती. म्हणून या जर-तरला शतकांची नव्हे, वर्षा-दोन वर्षांचीच मुदत देता येते.

हिंदुस्थान : टेबलावरचा विषय, टेबलाशी नसलेला पक्ष

रिबेनट्रॉप यांच्या प्रस्तावातील हिंदी महासागराचा उल्लेख मराठी वाचकाने थांबून वाचावा असा आहे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदी नेत्यांना न विचारता देशाला युद्धात ओढले. त्याच्या निषेधार्थ प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ त्यांपैकी एक होते. चौदा महिन्यांनी बर्लिनमध्ये त्याच देशाच्या दिशेने दुसऱ्या दोन सत्ता नकाशावर बोट फिरवीत होत्या. दोन्ही प्रसंगी हिंदी माणूस खोलीबाहेर होता.

या खोलीत शिरण्याचा प्रयत्न केला तो सुभाषचंद्र बोस यांनी. जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्यातील नजरकैदेतून निसटून, काबूल आणि मॉस्कोमार्गे एप्रिलच्या प्रारंभी ते बर्लिनला पोहोचले. इटालियन पारपत्रावर सोव्हिएत भूमीतून जर्मनीला जाता येणे हेच मुळी त्या दोन सत्तांतील तहामुळे शक्य झाले. अफगाणिस्तान व सरहद्द प्रांताच्या बाजूने ब्रिटिशांना हादरा देण्याची त्यांची कल्पनाही सोव्हिएत-जर्मन सलोखा गृहीत धरूनच उभी होती. २२ जून १९४१ च्या आक्रमणाने तिचा आधार गेला. बर्लिनमधील त्यांच्या कार्यात सहभागी असलेल्या एन. जी. गणपुले यांचे ‘नेताजी इन जर्मनी’ (१९५९) हे पुस्तक या कालखंडाची एका मराठी माणसाने ठेवलेली नोंद म्हणून महत्त्वाचे आहे. आपण ज्याला आज पर्यायी इतिहास म्हणतो, तो जून १९४१ पर्यंत काही माणसांचा प्रत्यक्ष कार्यक्रम होता.

महाराष्ट्रातील राजकारणावरही या एका तारखेची खूण स्पष्ट दिसते. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी साम्राज्यवादी युद्धाच्या विरोधात एक दिवसाचा संप केला. त्यामागे असलेल्या कम्युनिस्ट पक्षाने १९४१ च्या अखेरीस तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ ठरवले; जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली आणि ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक आली, तेव्हा पक्ष त्या आंदोलनाबाहेर राहिला. एम. एन. रॉय यांच्या अनुयायांनी फॅसिझमविरोधासाठी प्रारंभापासूनच युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला होता. सावरकरांनी सैन्यभरतीचा पुरस्कार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युती टिकली असती तर लोकयुद्धाची भूमिका जन्मलीच नसती आणि ४२ च्या लढ्यात कम्युनिस्ट कामगार संघटना काँग्रेसच्या बरोबरीने उतरण्याची शक्यता पुष्कळ वाढली असती. डाव्या चळवळीवर पुढे दशकानुदशके राहिलेला एक आक्षेप त्यामुळे टळला असता. दुसऱ्या निकषावर हे अनुमान योग्य ठरते.

मात्र ब्रिटिश गेल्यावर काय, या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. हॅरी टर्टलडव्ह यांच्या ‘द लास्ट आर्टिकल’ (१९८८) या कथेत जर्मन सैन्य हिंदुस्थान जिंकते आणि गांधीजींचा सत्याग्रह नव्या सत्तेपुढे उभा राहतो. सेनापती मॉडेल त्याला गोळीने उत्तर देतो. सत्याग्रहाचे यश प्रतिपक्षाच्या स्वरूपावर अवलंबून असते, हा कथेचा सिद्धान्त आहे. तो एकांगी आहे. कारण त्यात हिंदी समाज गांधीजी व नेहरू या दोन व्यक्तींपुरता आक्रसतो, आणि ब्रिटिश राजवट सोयीस्करपणे सौम्य दिसू लागते. तरीही स्वातंत्र्य आणि मालकबदल यांतील भेद ही कथा परखडपणे मांडते. ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ या न्यायाने जर-तर रचणाऱ्याने ती टाळू नये.

वळीवडे : किमतीचा निकष

किमतीचा निकष लावण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरपासून जवळच असलेल्या वळीवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार लोक तेथे राहत. त्यांत स्त्रिया व मुलांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्या शाळा, चर्च, दवाखाना असे एक गावच तेथे वसले होते. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. कोल्हापुरात या पोलिश रहिवाशांचे स्मारक आहे, तसेच वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली.

ही माणसे वळीवड्याला कशी आली? १९४० व १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने व्यापलेल्या पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले होते. हे सोव्हिएत-जर्मन कराराचे थेट फळ. २२ जून १९४१ ला करार मोडला; ३० जुलै रोजी लंडनमधील पोलिश सरकार व सोव्हिएत संघ यांच्यात समझोता झाला आणि हद्दपारांना माफी मिळाली. त्यांपैकी काही १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले व त्यांतील काही कुटुंबे अखेर पंचगंगेच्या परिसरात विसावली. तेव्हा युती टिकली असती असे आपण ज्या क्षणी म्हणतो, त्या क्षणी वळीवड्याची छावणी नकाशावरून नाहीशी होते आणि तेथील मुले कझाकस्तानच्या गवताळ माळावरच राहतात. ज्या जर-तरमध्ये आपण सुभाषबाबूंचा मार्ग मोकळा करतो, त्याच जर-तरमध्ये या मुलांचा मार्ग बंद होतो. या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्यक्षात घडलेला इतिहास तरी निर्दोष होता काय? नव्हता. युद्धकालीन धोरणांनी ज्याची तीव्रता वाढवली त्या १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेल्याचे अनेक अभ्यासक मानतात. ब्रिटनच्या विजयाची किंमत हिंदी शेतमजुरानेही भरली. म्हणून किमतीचा निकष केवळ पर्यायी जगाला लावून वास्तवाला मोकळे सोडणे हीही एक पक्षपाती वाचनपद्धती होय. बंगालमधील भुकेला माणूस आणि कझाकस्तानातील पोलिश मूल या दोघांना एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घालून बेरीज-वजाबाकी करणे हे इतिहासाचे काम नाही. दोघांचीही नोंद ठेवणे हे त्याचे काम आहे. पर्यायी इतिहासाचे मोल यातच आहे की, घडलेल्या गोष्टींची अपरिहार्यता तो काढून घेतो आणि त्यामुळे त्या गोष्टींची जबाबदारी पुन्हा माणसांवर येते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ब्रिटनविरोधी सोव्हिएत-जर्मन युतीची कल्पना निराधार नाही. मात्र तिचा ग्राह्य वळणबिंदू नोव्हेंबर १९४० ची बर्लिन भेट नसून १९४० च्या पूर्वार्धातील बाकूवरील हल्ल्याची योजना हा आहे, आणि त्या युतीचे आयुष्य अल्पच ठरले असते.

२. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा वळणबिंदूची निवड व पुराव्याचा आग्रह या दोन बाबतींत आजही आदर्श आहे. बदललेल्या जगाची किंमत विचारण्यात ती कमी पडते. डॉ. नारळीकर यांचे मे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांच्या कथेचा खरा गौरव तिचे कौतुक करण्यापेक्षा तिने उघडलेली वाट पुढे नेण्यात आहे.

३. महायुद्धातील हा जर-तर मराठी लेखकाला परका नाही. मुंबईचा संप, लोकयुद्धाचा वाद, बर्लिनमधील गणपुले आणि वळीवड्याची छावणी ही त्याची घरचीच सामग्री आहे. पानिपतच्या जोडीला हा विषयही मराठी कथेने हाताळावा.

४. इतिहास व मराठी या दोन्ही विभागांनी संयुक्तपणे असे लेखन अध्यापनात आणल्यास, विद्यार्थ्यांचा ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न टाळण्याऐवजी त्याला शिस्त लावता येईल. प्रश्न विचारणाऱ्याला थांबवू नये. त्याच्याकडून वळणबिंदू, पुरावा आणि किंमत या तीन गोष्टींचा हिशेब मात्र घ्यावा.

संगमेश्वर असो, पानिपत असो वा बर्लिन, जर-तरमध्ये आपला विजय कल्पिणे सोपे असते. त्या विजयात कोणाचे वळीवडे पुसले गेले, हे विचारल्यानंतरही जो जर-तर उभा राहतो, तोच अभ्यासाच्या पंक्तीला बसण्यास पात्र ठरतो.